श्रीपत शिंगटे यांच्याकडील अर्धा दिवस

श्रीपत बुधाजी शिंगटे, राहणार पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा तेव्हाचा कुलाबा व १९८१ पासूनचा रायगड. जन्म १९१९, मृत्यू १९८४. जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून घेतले आहे. त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याहून एखाद्या वर्षाने मोठे असावेत; परंतु दाखला उपलब्ध असताना तोंडी सांगण्याच्या मागे जाण्याचे कारण मला दिसत नाही. शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, व्यवसाय भातशेती. पत्नी विठाबाई. एकुलती कन्या चंद्रभागा, ती लोधिवलीस दिली होती. पोशीरच्या शाळेत मी बरीच वर्षे शिक्षक होतो आणि शाळेलगतच्या खोलीत राहत असे. पुढील हकिगतीपैकी बराच भाग मी स्वतः पाहिलेला आहे. उरलेला विठाबाईंनी आणि शेजारी कोंडाजी मसणे यांनी सांगितलेला आहे.

हकिगतीकडे वळण्यापूर्वी त्या आळीतील सावडीची रीत सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढचे काही समजणार नाही. भाताची लावणी एकट्या घराने उरकत नाही. चिखल तयार झाला की रोपे वेळेत लागली पाहिजेत. म्हणून आळीतली सहा-सात घरे मिळून लावणी करीत. आज सर्वांनी तुझे शेत लावायचे, उद्या माझे. मजुरी कोणी कोणास देत नसे. माणसाचा दिवस माणसाच्या दिवसानेच फेडायचा. ज्याचे शेत असेल त्याने दुपारची भाकरी आणि कालवण घालावे, एवढेच. लावणीच्या सकाळी घरधनी स्वतः चिखलात उतरे आणि रोपांची पहिली जुडी लावणाऱ्यांतील वडील बाईच्या हाती देई. त्यानंतरच बाकीचे वाकत. घरधनी तापाने पडला तर लावणी दोन दिवस पुढे ढकलीत, पण जुडी त्याच्याच हातची. दुसऱ्याने ती दिलेली मी माझ्या काळात दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा त्या घराचा कर्ता पुरुष त्या वर्षी वारलेला होता.

आता १९७९ सालाविषयी. त्या वर्षीच्या वैशाखात कशेळ्याच्या बाजारात, कांद्याच्या ढिगासमोर उभे असताना श्रीपतराव एकाएकी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणत होते, "सकाळी सकाळीच चढवलीय यानं." श्रीपतरावांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नव्हता. पडल्याचे त्यांना फारसे वाटले नाही. हे बोलणे मात्र फार लागले. त्यानंतर ते आणखी दोनदा असेच पडले, एकदा गोठ्यात आणि एकदा विहिरीजवळ. कर्जतच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, आणि ती इतकी मंद होती की आपले घड्याळच बंद पडले की काय म्हणून त्यांनी ते कानाला लावून पाहिले. त्यांच्या चिठ्ठीवर जावयाने श्रीपतरावांना मुंबईस एका मोठ्या इस्पितळात नेले. हृदयाच्या वरच्या भागाची आज्ञा खालच्या भागापर्यंत पोहोचत नाही, असा तेथील निर्णय झाला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र बसवण्यात आले आणि त्याची तार शिरेतून हृदयापर्यंत नेण्यात आली. त्या यंत्राने आज्ञा द्यायची आणि हृदयाने ती पाळायची, अशी व्यवस्था झाली.

जूनच्या अखेरीस ते घरी आले. डॉक्टरांची बंधने मोजकी आणि स्पष्ट होती. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वजन उचलायचे नाही, नांगर धरायचा नाही. भाताच्या गिरणीच्या चालत्या मोटारीजवळ उभे राहायचे नाही. विठाबाईंनी ही सर्व बंधने पाळली आणि स्वतःची दोन त्यांत घातली. जुन्या लुगड्याची पट्टी करून त्यांचा डावा हात गळ्यात बांधला, आणि घरातला ट्रान्झिस्टर कोंडाजींकडे पाठवून दिला. पट्टीची आणि ट्रान्झिस्टर हलवण्याची डॉक्टरांची काही आज्ञा नव्हती, असे मी त्यांना सांगून पाहिले.

"गुर्जी, तुमी साळा बघा," विठाबाई म्हणाल्या.

पहिले काही दिवस माणसे येत राहिली. यंत्राला आळीत 'घड्याळ' हे नाव पडले. कोंडाजी मसणे हे श्रीपतरावांचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी आणि बरोबरीचे. ते रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसत.

"टिकटिक आयकू येती का रं?" त्यांनी विचारले.

"काय नाय येत."

"मंग बंद पडलं तर कळायचं कसं?"

"तुला कळंल. तू बोलत बसशील न मी हूं म्हननार नाय."

"ते तर तू आदीपासनंच म्हनत नाय." कोंडाजींनी तंबाखू मळता मळता छातीकडे पाहिले. "चावी कोन देतं? विठाबाय?"

"बॅटरी हाय. वर्सं चालती म्हनतात."

"माझ्या टॉर्चची दोन म्हयनं चालत नाय. त्या डॉक्टरला माझी टॉर्च दाखव."

त्यानंतर लावणी सुरू झाली आणि येणे-जाणे थांबले. यात कोणाचा दोष नाही. जुलै महिन्यात पोशीरमध्ये दिवसा घरी कोणी नसते. धडधाकट माणसे शेतात, म्हातारी गुरांमागे, मुले शाळेत किंवा बांधावर. आळीतला कुत्राही माणसांच्या मागोमाग शेतावर जाई आणि त्यांच्याबरोबरच परत येई. विठाबाई सकाळी भाकरी झाकून ठेवीत, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवीत आणि सावडीला निघून जात. मग संध्याकाळपर्यंत ओटी, समोरचा पाऊस आणि श्रीपतराव.

मधल्या सुटीत मी कधी डोकावत असे. ते एकाच जागी, खांबाला पाठ लावून, उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर ठेवून बसलेले असत. वारा फिरला की दूरवरून शेतातल्या बायकांचे बोलणे तुटक तुटक ऐकू येई. कोणाचे शेत चालले आहे, ते त्या आवाजाच्या दिशेवरून ते ओळखत. एकदा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी त्यांच्याच शब्दांत देतो.

"गुर्जी, पूर्वी राग आला का छाती धडधडायची. भ्यालो तरी धडधडायची. आता राग येतो न छातीला पत्ताच नाय. ती आपली एका चालीनं चालली. माझ्या घरात दुसरंच कोन ऱ्हायला आलंय न मी वळचनीला बसलोय, असं वाटतं."

मी यंत्राच्या कार्याविषयी जे वाचले होते ते समजावून सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतले. परंतु त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे शाळेची घंटा होऊन मी उठलो तेव्हा माझ्या ध्यानात आले.

खरी चिंता सावडीची होती. शिंगट्यांच्या घरून दरवर्षी दोन माणसे जात. यंदा एकट्या विठाबाई. मारुतीच्या देवळात पाळ्या ठरल्या त्या दिवशी कोंडाजींनी आपणहून जाहीर केले होते की श्रीपतचा दिवस सर्वांनी सोडला. तो निरोप त्यांनी ओटीवर येऊन सांगितला, तेव्हा श्रीपतराव "हं" एवढेच म्हणाले. कोंडाजींना वाटले, त्यांच्या जिवावरचे ओझे उतरले.

याहीपुढे जाऊन आळीने एक बेत केला. शिंगट्यांचे शेत सखल असल्यामुळे त्याची पाळी नेहमी शेवटी येई. यंदा ते पाळीची वाट न पाहता मधेच लावायचे आणि श्रीपतरावांना काही कळू द्यायचे नाही, म्हणजे त्यांच्या मनाला घोर राहणार नाही आणि ते उठून शेताकडे येणारही नाहीत, असा तो बेत होता. विठाबाईंनी "कोंडाजींच्या बांधाला जाते" असे सांगून घर सोडले. दुपारची भाकरीदेखील त्यांनी कोंडाजींच्या चुलीवर केली, आपल्या चुलीचा धूर दिसू नये म्हणून. शेतात सर्व जमले; वारा उलट्या दिशेचा असल्याने आवाज ओटीपर्यंत पोहोचला नाही. कोंडाजींनी वाकून पहिली जुडी उचलली आणि सर्वांत वडील असलेल्या सोनुबाईंपुढे धरली. सोनुबाईंचा हात क्षणभर आखडला.

"तुझ्या हातनं?" त्या म्हणाल्या.

"घे गं म्हातारे. पानी वाहून चाल्लंय."

त्यांनी जुडी घेतली आणि लावणी सुरू झाली. एरवी या गोष्टी डोळे मिटून पाळणाऱ्या त्या माणसांना त्या दिवशी आपण काय करीत आहोत हे दिसले नाही. आजारी माणसावर उपकार करण्याच्या आनंदात ती सर्व होती.

संध्याकाळी सगळी सावड चिखलाच्या पायांनी शिंगट्यांच्या ओटीसमोर येऊन उभी राहिली. मी त्या वेळी तेथे होतो.

"श्रीपा, तुझी लावनी झाली," कोंडाजी म्हणाले. "आज. समदी. एक वाफा ऱ्हायला नाय."

श्रीपतरावांनी सर्वांकडे पाहिले. विठाबाईंच्या पायांकडे पाहिले. तो चिखल कोणाच्या शेतातला, हे त्यांना रंगावरून समजले असावे.

"पयली जुडी कोनी दिली?" त्यांनी विचारले.

कोंडाजी म्हणाले, "मी."

सोनुबाई खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिल्या.

"बरं केलंत," श्रीपतराव म्हणाले. "पानी होतं तवा झालं. बरं केलंत."

माणसे पांगली. चहा झाला नाही. त्यानंतरचे विठाबाईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. त्या चूल पेटवीत असताना श्रीपतराव आत आले आणि दारातच उभे राहून शांतपणे म्हणाले, "सकाळी निघताना कुंकू लावलं हुतंस ना?"

"तवा मला समजलं, आपुन काय केलं ते," विठाबाई म्हणाल्या. "तोवर ध्यानातच आलं नाय बगा. मी त्यांचं मढंच करून आले हुते."

दुसऱ्या दिवसापासून श्रीपतराव ओटीवर बसेनासे झाले. आतल्या काळोख्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण निम्म्यावर आले. कोंडाजी संध्याकाळी येत, दारात उभे राहत, "निजला का?" असे विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता परत जात. विठाबाईंनी लोधिवलीस निरोप धाडला. चंद्रभागा चौक गावाहून एस. टी. पकडून, कर्जतला गाडी बदलून, भिजत आली.

"बा, चल माझ्याकडं," ती म्हणाली. "तितं रस्त्यावर घर हाय. मानसं दिसतील. हितं तुला कोन बगनार?"

"येतो," श्रीपतराव म्हणाले.

इतक्या लवकर होकार मिळेल असे तिला वाटले नव्हते. ती कपड्यांची पिशवी भरू लागली.

"कोंडाजीची लावनी कंदी हाय?" त्यांनी विचारले.

"कोंडाजीकाकांच्या लावनीशी तुला काय करायचंय?"

"त्यानं माझ्यात दिस दिलाय. त्याचा फेडला का येतो."

चंद्रभागा रडली, रागावली, आईला बोलली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. डॉक्टरांची मुदत अद्याप संपलेली नव्हती.

कोंडाजींची लावणी रविवारी आली. शाळेस सुटी होती. मी खोलीच्या दारात उभा असताना श्रीपतराव रस्त्याने जाताना दिसले. डोक्यावर खताच्या पिशवीचा कागद, डावा हात गळ्यात, उजव्या हातात काठी. मी छत्री घेऊन मागोमाग गेलो आणि डॉक्टरांच्या सूचनांची त्यांना आठवण करून दिली.

"समद्या ध्यानात हायत," ते म्हणाले. "तुमी मागनं या. पन बांधावर माझा हात धरू नका."

बांध निसरडा होता. मी धरला नाही. ते दोनदा थांबले, बोटे मनगटाकडे नेण्यासाठी त्यांनी काठी काखेत घातली, आणि मनगट न चाचपताच ती पुन्हा हातात घेतली. शेतात वाकलेली माणसे एकेक करून सरळ झाली. कोंडाजी गुडघाभर चिखलात होते.

"कशाला आलास रं?" ते म्हणाले. आवाजात राग होता, पण तो श्रीपतरावांवरचा वाटला नाही. "डॉक्टरनं सांगितलंय ना?"

"डॉक्टरनं डावा हात सांगितलाय. हा उजवा हाय."

"न काय करनार एका हातानं?"

"जुड्या फेकतो."

काढलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर रचून ठेवतात आणि लावणाऱ्याच्या हाताशी पडेल अशा बेताने त्या चिखलात फेकतात. हे काम सहसा पोरांना देतात. श्रीपतरावांनी काठी बांधात रोवली, कागद सारखा केला आणि पहिली जुडी फेकली. ती अलीकडेच पडली आणि सोनुबाईंच्या तोंडावर चिखल उडाला.

"आरं मेल्या, माझ्या थोबाडावर लावनी करतोस का?"

'मेल्या' हा शब्द त्या सवयीने बोलून गेल्या होत्या.

"जिमीन बरी हाय," श्रीपतराव म्हणाले. "पीक येईल."

तेव्हा हसू फुटले आणि माणसे पुन्हा वाकली. दुसरी जुडी बरोबर पडली. त्यानंतर दुपारपर्यंत ते जुड्या फेकीत होते. जोरात नाही, पण चुकतही नव्हते. त्यांच्याशी कोणी विशेष बोलले नाही, कारण लावणी करणाऱ्याला मान वर करण्यास सवड नसते. भाकरीची वेळ झाली तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते बसले, सर्वांबरोबर भाकरी खाल्ली आणि पुन्हा उठू लागले. पण उठता आले नाही.

"ऱ्हाऊ दे," कोंडाजी म्हणाले. "झाला तुझा दिस. फिटलं."

"अर्धा झाला."

"फिटलं म्हनतो ना मी."

"अर्धा दिस पुरा धरतात तो मेलेल्याचा," श्रीपतराव म्हणाले. "माझा अर्धा धर."

कोंडाजींनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. नंतर ते उभे राहिले आणि पलीकडच्या बांधावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आयका रं समद्यांनी. श्रीपत शिंगट्याकडं माझा अर्धा दिस बाकी हाय. यानं दिला नाय तर मी मागून घेनार."

"माग," श्रीपतराव म्हणाले.

मी त्यांना ओटीपर्यंत सोडले. माणसे सर्व शेतात होती आणि संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. ते खांबाला पाठ लावून बसले. ओटी पूर्वीइतकीच रिकामी होती आणि समोर पाऊसही तोच होता. तरी त्या दिवसापासून ते पुन्हा आत जाऊन निजले नाहीत. लावणी संपल्यावर चंद्रभागेकडे ठरल्याप्रमाणे गेले आणि थोड्याच दिवसांनी परत आले. तेथे रस्त्यावरून माणसे पुष्कळ जातात, पण ओळखीचे कोणी नाही, असे ते म्हणाले.

यानंतर ते पाच वर्षे जगले. नांगर त्यांनी पुन्हा धरला नाही. जुड्या फेकण्याचे काम मात्र दरसाल केले. स्वतःच्या शेतातली पहिली जुडी प्रत्येक वर्षी स्वतःच्या हाताने दिली. कोंडाजींचा अर्धा दिवस फेडण्याचा त्यांनी दरवर्षी प्रयत्न केला आणि कोंडाजींनी दरवर्षी तो नाकारला. एका वर्षी पाऊस उघडला म्हणून तो वेळ धरता येत नाही, दुसऱ्या वर्षी रोपे कमी पडली म्हणून काम अपुरे झाले, अशी कारणे असत. देवळात पाळ्या ठरवताना कोंडाजी न चुकता म्हणत, "श्रीपत पायजे. त्याच्याकडं माझा अर्धा दिस हाय." यामागील हेतू श्रीपतरावांना कळत नव्हता असे नाही. ते तक्रार करीत, हुज्जत घालीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा जात.

१९८४ च्या मार्गशीर्षात ते न्यूमोनियाने वारले. यंत्र शेवटपर्यंत चालू होते. दहनापूर्वी ते काढावे लागते असे इस्पितळाने पूर्वीच सांगितले होते, त्याप्रमाणे कर्जतच्या डॉक्टरांनी ते काढले. जावयाने ते मुंबईस नेऊन पोहोचते केले. ती बाब मिटली. पुढील पावसाळ्यात शिंगट्यांच्या शेतातली पहिली जुडी रीतीप्रमाणे कोंडाजींनी दिली. सोनुबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

त्याच दिवशी विठाबाई कोंडाजींना म्हणाल्या, "त्यांचा अर्धा दिस मी देते. तेवडं फिटू द्या."

"तो त्याच्याकडं हाय," कोंडाजी म्हणाले. "तुझ्याकडं नाय."

त्यानंतर सावड फार दिवस टिकली नाही. आळीतले तरुण खालापूरच्या बाजूच्या कारखान्यांत कामाला लागले. लावणी रोजंदारीवर होऊ लागली. विठाबाईंना चंद्रभागेने लोधिवलीस नेले, आणि शिंगट्यांच्या घराला आता कुलूप आहे. कोंडाजी थकले आहेत. त्यांच्याने शेतावर जाणे होत नाही. जुलैमध्ये, सर्व गाव शेतात असताना, ते भिंतीपलीकडच्या बंद ओटीच्या बाजूला तोंड करून बसलेले असतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना, काही विचारले नसता, ते म्हणाले, "अर्धा दिस हाय माझा त्याच्याकडं." तो तसाच बाकी आहे.